एक लॅपटॉप, दोन जाळी

शनिवारी सकाळी अकरा वाजता निहारिका सामंतच्या घरातलं इंटरनेट चालू होतं. तिच्या आईचा लॅपटॉपही चालू होता. पण त्या लॅपटॉपवर इंटरनेट काही केल्या येत नव्हतं.

तिनं लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. राउटरचं (घरातल्या सगळ्या यंत्रांचे निरोप आत-बाहेर नेणाऱ्या पेटीचं) बटण दोनदा बंद-चालू करून पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात वायफायच्या रेघा पूर्ण भरलेल्या दिसत होत्या. तरीही कुठलंही पान उघडलं की तेच वाक्य समोर येई : ‘इंटरनेट उपलब्ध नाही.’

एरवी तिनं लॅपटॉप मिटून ठेवला असता. आज ते शक्य नव्हतं. चार वाजून चाळीस मिनिटांनी तिला चंद्रावर असलेल्या तिच्या बाबांशी बोलायचं होतं.

साल होतं २०६३. निहारिकाचे बाबा खगोलशास्त्रज्ञ होते आणि सात महिन्यांपासून चंद्रावरच्या वसाहतीत काम करत होते. दर शनिवारी पंधरा मिनिटं घरच्यांशी बोलायला मिळे. चंद्राशी बोलायची परवानगी प्रत्येक कुटुंबाच्या एकाच यंत्राला असे, आणि सामंतांकडे ते यंत्र म्हणजे आईचा लॅपटॉप. रविवारी बाबा चंद्राच्या पलीकडच्या बाजूला जाणार होते. पृथ्वीवरचा रेडिओचा गोंगाट तिथे पोचत नाही, म्हणून तिथे एक मोठी दुर्बीण उभारायची होती. ती शांतता मोडू नये म्हणून पुढचे बहात्तर दिवस फक्त लिहिलेले छोटे निरोप. आवाज नाही, चेहरा नाही.

आणि आई? भरती-ओहोटीवर चालणाऱ्या पाणचक्क्या बसवणं हे तिचं काम. त्यासाठीच या मायलेकी सांगली सोडून कोंडबेट नावाच्या खडकाळ बेटावर राहायला आल्या होत्या. शुक्रवारी पहाटे एका पाणचक्कीचं पातं तुटलं आणि आई घाईघाईनं समुद्रातल्या फलाटावर गेली. तिथे कामाच्या वेळी फोन जवळ ठेवायची परवानगी नव्हती. ती परत येणार रविवारी.

कोंडबेटावर माणसं होती एकवीस. मूल एकच.

शाळा पडद्यावर भरे. सांगलीच्या मैत्रिणींचे निरोप आधी रोज येत, मग आठवड्यानं, मग कोणाच्या तरी वाढदिवसाला. घरी सोबतीला ठोंब्या होता, स्वयंपाक आणि झाडलोट करणारा यंत्रमानव. तो ठरलेल्या वेळी विचारी, “जेवलीस का?” हो म्हटलं तरी ‘छान’, नाही म्हटलं तरी ‘छान’.

निहारिकानं खूप विचार केला. लॅपटॉप परवा आईच्या ऑफिसात चालत होता, मग तिथेच नेऊन पाहावा. ओहोटी होती. घरं आणि ऑफिस यांच्यामधली दगडी वाट उघडी पडली होती. लॅपटॉप छातीशी धरून ती शेवाळावरून जपून पलीकडे गेली. आईच्या टेबलावर तो उघडला आणि काय आश्चर्य! इंटरनेट लगेच सुरू.

“झाला वाटतं दुरुस्त,” पहारेकरी काका म्हणाले. “चल बाळ, शनिवारी एक वाजता मी कुलूप लावतो. आणि दीड वाजता वाट बुडेल.”

निहारिका उड्या मारत घरी आली. लॅपटॉप उघडला.

‘इंटरनेट उपलब्ध नाही.’

आता वाट पाण्याखाली गेली होती. ती खिडकीशी बसून राहिली. लाटा एकेक दगड झाकत होत्या.

“जेवलीस का?” ठोंब्यानं विचारलं.

“मला भूक नाहीये.”

“छान.”

तेव्हा मात्र तिला रडू आवरेना.

शेजारच्या घरात बावतीस आजोबा राहत. समुद्राच्या तळातून बेटापर्यंत संपर्काच्या तारा टाकणारे शास्त्रज्ञ तेच. निवृत्त झाल्यावरही ते मुलाकडे वसईला गेले नव्हते. आईनं जाताना बजावलं होतं, “काही लागलं तर त्यांच्याकडे जा. मी त्यांना सांगून ठेवलंय.” पण आजोबा कोणाशी फारसं बोलत नसत आणि त्यांच्या जाड भुवयांची निहारिकाला भीती वाटे. शुक्रवारी संध्याकाळी ते दारात येऊन “ठीक आहेस ना?” एवढं विचारून गेले होते. तीही “हो” एवढंच म्हणाली होती.

साडेतीन वाजता तिनं त्यांचं दार वाजवलं.

“आजोबा, लॅपटॉप बिघडलाय. बाबांचा फोन…” पुढचे शब्द फुटेनात.

आजोबांनी तिला खुर्ची दिली. पाणी दिलं. ती शांत होईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, “बिघडलाय हा निकाल झाला. निकाल शेवटी द्यायचा. आधी मला सांग, काय चालतंय आणि काय चालत नाही.”

निहारिकानं सकाळपासूनचं सगळं सांगितलं.

“घरातली दुसरी यंत्रं इंटरनेटवर आहेत?”

“हो. ठोंब्यानं आत्ताच हवामान सांगितलं.”

“म्हणजे घरचा राउटर निर्दोष. लॅपटॉप ऑफिसात चालला?”

“हो. म्हणजे लॅपटॉपही निर्दोष.” बोलता बोलता ती थांबली. “पण मग चूक कोणाची? दोघंही चांगले आणि एकत्र आले की चालत नाहीत!”

आजोबांच्या भुवया वर गेल्या. “शाब्बास. हाच खरा प्रश्न. चल तुझ्या घरी.”

घरात शिरल्यावर आजोबांनी लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी ठोंब्याला बोलावलं. “ठोंब्या, हा पेला खोली क्रमांक सत्तेचाळीसमध्ये नेऊन ठेव.”

ठोंब्या पेला घेऊन निघाला. स्वयंपाकघर, न्हाणीघर, दोन खोल्या फिरला आणि दारात येऊन उभा राहिला. “या घरात सत्तेचाळीस क्रमांकाची खोली नाही.”

“सत्तेचाळीस नंबरची खोली तर आईच्या ऑफिसात आहे,” निहारिका म्हणाली.

“तिथे दिला असता तर ठोंब्यानं पेला बरोबर पोचवला असता. इथे तो तसाच हातात धरून उभा आहे. पेला फुटलेला नाही, ठोंब्याही बिघडलेला नाही. मग?”

“पत्ता इथला नाहीये.”

“आता ठोंब्याचा पत्ता बघू.”

आजोबांनी ठोंब्याच्या पाठीवरची झडप उघडली. आतल्या छोट्या पडद्यावर आकडे होते : १९२.१६८.१.५. त्यांनी निहारिकाला ते कागदावर लिहायला लावले. मग खोलीतल्या दिव्याचा पत्ता पाहिला : १९२.१६८.१.८. आईच्या छापणी यंत्राचा : १९२.१६८.१.११.

“हे आयपी पत्ते (नेटवर्कमध्ये, म्हणजे यंत्रांच्या जाळ्यात, प्रत्येक यंत्राला मिळणारे क्रमांक). काय दिसतं?”

“सुरुवातीचे आकडे सगळ्यांचे सारखेच आहेत. शेवटचा तेवढा वेगळा.”

“सुरुवातीचे आकडे म्हणजे आपली वाडी आणि शेवटचा म्हणजे घर नंबर. आता लॅपटॉपचा पत्ता शोध. मी हात लावणार नाही.”

लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शिरून निहारिका एकेक पान उघडू लागली. तिसऱ्या पानावर तिला ते सापडलं आणि ती ओरडलीच, “आजोबा! १०.२०.४.४७! हा तर आपल्या वाडीतला नाहीच!”

“मग कुठला?”

“ऑफिसचा! लॅपटॉप आपल्या घरात बसून सगळ्यांना सांगतोय, मी ऑफिसात आहे.”

“आणि त्याच्या खाली काय लिहिलंय? गेटवे (जाळ्यातून बाहेर पडायचा दरवाजा).”

“१०.२०.४.१. म्हणजे दरवाजासुद्धा ऑफिसचा?”

“हो. लॅपटॉप बाहेरचा प्रत्येक निरोप त्या दरवाजाकडे पाठवतोय आणि तो दरवाजा इथे नाहीच. वायफायच्या रेघा भरलेल्या दिसतात, कारण हाक ऐकू जातेय. पण हाक ऐकू येणं वेगळं आणि निरोप पोचणं वेगळं.”

निहारिकाच्या मनात एक शंका आली. “पण आजोबा, ठोंब्याला पत्ता कोणी दिला? मी तर काही लिहिलं नव्हतं.”

“राउटरनं. नवं यंत्र आलं की ते विचारतं, मला कुठला पत्ता? राउटर पाहतो कुठला क्रमांक रिकामा आहे आणि तो त्याला देतो. आपोआप. तुझ्या लॅपटॉपला मात्र कोणीतरी सांगून ठेवलंय, की विचारू नकोस, तुझा पत्ता कायमचा हाच.”

“असं कोण सांगेल?”

निहारिकालाच उमगलं. पाणचक्क्यांची माहिती दर मिनिटाला आईच्या लॅपटॉपकडे येते. तो रोज वेगळ्या पत्त्यावर असला, तर ती पोचणार कुठे? म्हणून ऑफिसात त्याचा पत्ता पक्का. शनिवारी आई घरी असली की बोलण्याच्या वेळेआधी हे बदलत असणार. शुक्रवारी पहाटे ती निघाली ती धावतपळत.

घड्याळात चार वाजून एकतीस मिनिटं झाली होती. निहारिकाचं बोट ‘पत्ता आपोआप घ्या’ या ओळीवर गेलं आणि तिथेच थांबलं.

“हे पुसलं तर आईचं काम अडेल. सोमवारी पाणचक्क्यांची माहिती तिला मिळणार नाही.”

“मग?”

“मी बदलत नाही,” ती हळूच म्हणाली. डोळे भरून आले होते. “बाबांना लिहून कळवीन.”

आजोबा खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. “अगं, एकच गोष्ट ठेवायची असं कोण म्हणालं? आधी जुने आकडे कागदावर उतरव. काही बदलण्याआधी जुनं लिहून ठेवायचं, ही आमच्या धंद्यातली पहिली शिस्त. झालं? आता जाळ्यांची यादी उघड. किती नावं दिसतात?”

“दोन. घर आणि ऑफिस.”

“आईनं दोन्ही जाळ्यांसाठी मिळून एकच पत्ता लिहिलाय. तो तिथून काढ आणि फक्त ऑफिसच्या नावापुढे लिही. घराच्या नावापुढे काय लिहिशील?”

“आपोआप!”

तिनं आकडे भरले. एक आकडा चुकला, पुसून पुन्हा लिहिला, कागदाशी ताडून पाहिला. घराच्या नावापुढे ‘आपोआप’ निवडलं. लॅपटॉप क्षणभर थबकला आणि नवे आकडे उमटले : १९२.१६८.१.१४.

चार वाजून त्रेचाळीस मिनिटं झाली होती. पडद्यावर चंद्राचं चिन्ह लुकलुकत होतं.

“निहा?” बाबांचा चेहरा दिसला. दाढी वाढली होती. “तीन मिनिटं वाट बघतोय. मला वाटलं, आज भेटत नाहीस.”

“बाबा!”

चंद्रापर्यंत आवाज जायला आणि उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. निहारिकाला ते नेहमी फार वाटत. आज ती ते थांबणं निमूटपणे सोसत होती. तिनं काय बिघडलं होतं ते सांगितलं, नाही, बिघडलं नव्हतंच ते सांगितलं. आजोबांना ओढून पडद्यासमोर आणलं. बाबा हसले. मग तिनं अचानक विचारलं, “बाबा, तिकडे पलीकडच्या बाजूला तुम्हाला एकटं वाटेल?”

अडीच सेकंद. नंतर आणखी थोडा वेळ.

“वाटेल गं,” बाबा म्हणाले. “तिथून पृथ्वी दिसतसुद्धा नाही. तू रोज लिही. काहीही लिही. जेवायला काय होतं तेसुद्धा.”

चार पंचावन्नला पडदा काळा झाला. घर होतं तसं शांत झालं. खिडकीबाहेर भरतीचं पाणी उंबऱ्याखालच्या खडकांवर आपटत होतं. बहात्तर दिवस म्हणजे दहा शनिवार. निहारिकानं बोटांवर मोजले आणि मूठ मिटली.

आजोबा उठले नाहीत. तिथेच बसून म्हणाले, “तुझा निरोप पलीकडे कसा जाईल, माहीत आहे? चंद्राभोवती एक उपग्रह फिरतो. तो इकडे असताना निरोप घेतो, पोटात सांभाळून ठेवतो आणि पलीकडे गेला की उतरवतो. वाट बंद असली म्हणून निरोप हरवत नाही, थांबतो फक्त. उद्या मंगळावर वस्ती होईल. तिथली जाळी अशीच बांधावी लागतील, थांबायला शिकलेली. ते कोण करेल? माझं तर वय झालं.”

“मला शिकवाल?”

“चार वाजता मी चहा घेतो,” आजोबा म्हणाले. “कोणी बरोबर असलं तर बरं वाटेल.”

आई रविवारी उशिरा आली ती दमून झोपलीच. सोमवारी सकाळी लॅपटॉप उचलून ऑफिसात गेली. तासाभरानं ठोंब्याच्या छातीवरचा फोन वाजला.

“निहा, माझ्या लॅपटॉपला हात लावलास?”

“हो.”

“अगं, घरून आणलेला उघडला आणि काहीही न बदलता पाणचक्क्यांची माहिती यायला लागली! मी वर्षभर दर वेळी ते आकडे बदलत बसते. आणि शनिवारी… फलाटावर मला एकदम आठवलं की मी ते बदललंच नाही. रडू आलं मला. तू बोललीस बाबांशी?”

“बोलले. बारा मिनिटं.”

आई म्हणाली, “केलंस तरी काय नेमकं? समजाव ना मला.”

“थोडं मोठं आहे,” निहारिका म्हणाली. “तुला वेळ आहे?”

पलीकडून दार लावल्याचा आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

“आहे. सांग.”