सात खांबांचा घोळ

अंकुश मास्तरांची लुना थेट दीपिकाच्या टेपवरून गेली, आणि सकाळपासून नीट धरलेलं माप एका झटक्यात वाया गेलं.

"अहो, थांबा! दिसत नाही का? माप घेत होते मी!"

त्याने लुना थांबवली, मागे वळून पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

"रस्त्याचं माप? मंग रस्ता कुठी पळून जाते का, मॅडम? परत घ्या. मी धरतो दुसरं टोक."

"तुम्हाला काही कामधंदा नाही वाटतं?"

"आहे ना. शाळेतच जाऊन राह्यलो होतो. पन गणिताचा मास्तर आहे मी. कोनाचं माप अर्धवट सोडून जानं पाप आहे आमच्यात."

दीपिकाने मोठ्या मुश्किलीने हसू दाबलं. पण गालांचं काय करणार? ते आधीच फितूर झाले होते.

दीपिका हलामी मूळची धानोऱ्याकडची, शिकायला नागपुरात. साल २००४, आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष. वर्गातली बाकीची पोरं शॉपिंग मॉल आणि विमानतळ काढत होती. हिने मात्र हट्टाने जिवतीच्या डोंगरावरचं एक गोंड गाव निवडलं. वीस नवी घरं, समोरासमोर ओसऱ्या, आणि मधोमध बैठकीला, लग्नकार्याला एक समाजभवन. सरांनी नाक मुरडलं होतं. तिने ते मनावर घेतलं नाही. नाक सरांचं होतं, गाव आपल्या माणसांचं होतं.

राहायला ती गावातल्या बायनाबाईच्या घरी होती. अंकुश जवळच्याच आश्रमशाळेत शिकवायचा आणि शाळा सुटली की टेपचं टोक धरायला हजर व्हायचा. दोघांचीही मायबोली गोंडीच, पण ही धानोऱ्याची आणि तो जिवतीचा, त्यामुळे दर चार शब्दांनी गाडी अडायची. मग चिडवाचिडवीला मराठीच बरी पडे.

"चुलीपासून दारापर्यंत काऊन मोजता?"

"घरातल्या बाईला दिवसभरात किती चालावं लागतं, ते पाहते."

"मंग माह्या शाळेपासून बायनाबाईच्या दारापर्यंतही मोजा ना. रोज येऊन राह्यलो मी."

"तुम्ही लुनावर येता."

"पेट्रोल त लागते ना!"

मोहाची फुलं पडायचे दिवस होते. सगळ्या गावाला गोडसर, गरगरवणारा वास यायचा. काम संपलं की अंकुश आपल्या टोकाकडून टेप गुंडाळत गुंडाळत तिच्याकडे यायचा, आणि अलीकडे तो टेप फारच हळू गुंडाळला जाऊ लागला होता. शेवटच्या वितीला दोघांची बोटं लागायची. मग दोघंही घाईघाईने आभाळाकडे बघायची, जणू तिथेही काही मोजायचं राहिलं होतं.

दीपिकाला तो आवडला होता. सकाळी भांग पाडून झाल्यावर उगाच पुन्हा एकदा पाडण्याइतका आवडला होता. मे महिन्यात परीक्षकांपुढे प्रकल्प मांडायचा, मग नागपुरातच नोकरी. त्याआधी हा माणूस काही बोलला तर ठीक... नाहीतर टेप गुंडाळला, गोष्ट संपली.

पण बोलायचं तर मध्ये देव आडवे येत होते. गोंडांच्या घरी लग्न ठरवायचं तर आधी दोन्ही घराण्यांचे देव मोजतात. कुणाचे चार, कुणाचे पाच, सहा, सात. दोघांचे देव सारखे निघाले तर ते भाऊबंद. पोरगी बहीण झाली, विषय मिटला. अंकुशचे देव सात, हे दीपिकाने पहिल्याच आठवड्यात काढून घेतलं होतं. कसं, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतः ती सहा देवांची, म्हणजे तिच्या बाजूने रस्ता मोकळा होता. हलामी हे आडनाव मात्र अंकुशने कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्याला अदमास लागेना. तोंडाने विचारावं तर पोराने पोरीला देव विचारणं म्हणजे सरळ मागणीच घालणं. बायनाबाईला विचारावं तर बाजारात दवंडी पिटल्यासारखं.

आणि मग एका संध्याकाळी दीपिकाने त्याला पुठ्ठ्याचं मॉडेल दाखवलं. गोल समाजभवन, भिंती नाहीत, चारी बाजूंनी वारा, कौलारू छप्पर आणि खाली सागाचे खांब.

"कसं झालंय?" तिने विचारलं. तिला शाबासकी हवी होती. खरं तर त्याहून थोडं जास्त हवं होतं.

अंकुश वाकला. बोट फिरवत त्याने खांब मोजले. पुन्हा मोजले. आणि त्याच्या तोंडावरचं हसू, दिवा विझावा तसं, गेलं.

"छान आहे," तो म्हणाला. "लय छान आहे... ताई."

ताई! दीपिकाला वाटलं, आपल्या कानातच काहीतरी बिघडलं. पण दुसऱ्या दिवशीही ताई, तिसऱ्या दिवशीही ताई. टेप आता तो लांबूनच सोडून द्यायचा. लुना उभीच असायची, जायच्या तयारीत. तिने एकदा चिडून विचारलंही, "मास्तर, माझं काही चुकलं का?"

"नाई हो ताई. तुमचं काऊन चुकंल?" तो जमिनीकडे बघत म्हणाला. दीपिका त्या दिवशी बायनाबाईच्या परसात जाऊन रडली आणि विचारल्यावर म्हणाली, चुलीचा धूर गेला. चूल विझलेली होती.

निघायचा दिवस आला. दुपारच्या एसटीने दीपिका आधी घरी धानोऱ्याला जाणार होती, मग नागपूरला. निघण्याआधी मोहाच्या झाडाखाली गाव जमलं आणि तिने सगळ्यांपुढे मॉडेल ठेवलं. अंकुशही आला होता. कोलू आजाने, त्याच्या आईच्या मामाने, त्याला हाताला धरून आणला होता.

गावातल्या रामाजीने खांब मोजले आणि मिशीवर ताव दिला. "सात! वा पोरी! आमच्या सात देवांचा मान ठेवला तू."

"काऊन, बाकीचे कुठी जातीन मंग?" मागून कुणीतरी ओरडलं. "आमच्या पाच देवाईनं पावसात बसावं का?"

झालं! एकच गलका उठला. तेवढ्यात बायनाबाई कमरेला पदर खोचून पुढे आली आणि सगळ्यांच्या वर आवाज चढवून म्हणाली, "मले एक सांग दीपिका, तू सोता सहा देवांची पोरगी, अन् खांब दुसऱ्याच्या देवाचे काऊन उभे केले वं?"

"अहो बाई, देव मोजून नाही हो काढले!" दीपिका रडकुंडीला आली. "आधी आठ होते! आठवा या मोहाच्या मुळावर येत होता. खांबासाठी झाड तोडायचं का? म्हणून काढला!"

मग अख्खं गाव हसत सुटलं. एकटा अंकुश तेवढा हसत नव्हता. तो लोकांना बाजूला सारत पुढे आला, तोंड उघडं टाकून.

"तुम्ही... सहा देवाच्या?"

"हो."

"सात नाई?"

दीपिकाने त्याच्याकडे बघितलं, मॉडेलकडे बघितलं, आणि लख्खकन सगळं उमगलं. ते बोट, ते विझलेलं हसू, ती ताई. राग आला, रडू आलं, आणि त्या दोन्हींना ढकलून आनंद वर आला.

"धन्य आहे तुमची, मास्तर! पुठ्ठ्याचे खांब मोजत बसलात. मला विचारायला काय झालं होतं?"

"विचारलं असतं त... तुमाले समजलं असतं ना."

"काय समजलं असतं?"

"की..." तो घुटमळला. सारं गाव कान देऊन ऐकत होतं. "की मले तुम्ही पाह्यजे. पह्यल्या दिवसापासून."

बायकांनी पदर तोंडाला लावले. दीपिकाचे कान तापले. तेवढ्यात कोलू आजा खाकरला. "येडा हाय पोट्टा. मले विचारलं असतं त सांगितलं नसतं का? या पोरीनं तुहे देव मले पह्यल्याच आठवड्यात विचारले. म्हने, सर्वेत लिवायचं हाय."

"आजा!" दीपिका किंचाळली.

अंकुशचं हसू परत आलं, या कानापासून त्या कानापर्यंत. "सर्वेत? मॅडम, मी त या गावचा रहिवासीच नाई!"

दीपिकाने बॅग उचलली आणि एसटीच्या थांब्याकडे तरातरा निघाली. हसू कुणाला दिसू नये म्हणून ती चालत होती, एवढंच. मॉडेल सांभाळत अंकुश मागे धावला.

एसटी धूळ उडवत आली. दीपिका खिडकीत बसली. अंकुशने मॉडेल आत दिलं, आणि मग स्वतःच चढला.

"हे काय? शाळा?"

"सुट्ट्या लागल्या. तुमच्या बापाले भेटतो."

"असं एकट्याने कुणी मागणी घालायला जातं का? वडीलधारं माणूस लागतं."

"आणलं," अंकुश म्हणाला आणि दाराकडे वळला. धापा टाकत, काठी टेकत कोलू आजा पायऱ्या चढत होता. चढल्या चढल्या त्याने मागच्या सीटवरची खिडकीची जागा मागितली, ती मिळवली, धोतर सावरलं, आणि गाडी हलल्यावर समोरच्या सीटकडे वाकून विचारलं, "पोरी, तुह्या बापापुढं बोलायचं काम माह्यं हाय. काय सांगू त्याले?"

दीपिकाने खिडकीबाहेर बघितलं, मग आजाकडे, आणि मान खाली घालून म्हणाली, "सांगा... पोरगी हो म्हणाली."