शंभरातले तीन

अकरा वाजता संपर्क तंबूतला संच बोलू लागला आणि कारखानीस बाईंनी पेन्सिल उचलली.

"मी पाचवी तुकडी. साकव ओलांडून एक किलोमीटर. माणसं चार. तब्येत ठीक. पाणी पुरेसं. ओव्हर."

बाईंनी सगळं तक्त्यात लिहिलं आणि संचाकडे जरा अविश्वासानंच पाहिलं. आवाज कस्तुरी खैरेचा होता, आणि कस्तुरी खैरे चक्क थांबली होती. आठवीतली ही मुलगी पाणी मागायचं झालं तरी विहीर कुणी खोदली इथपासून सुरुवात करायची. तिला शिस्त लागावी म्हणूनच बाईंनी तुकडीचा संच तिच्या गळ्यात अडकवला होता. साडेदहाचा संदेशही असाच नेटका आला होता. औषध इतक्या लवकर लागू पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"संदेश मिळाला. शाब्बास, कस्तुरी. आज अगदी मोजकं बोलते आहेस. ओव्हर," त्या म्हणाल्या.

शाब्बास हा शब्द बाई फार जपून वापरत. तंबूतल्या दुसऱ्या खुर्चीत बसलेल्या इर्शाद तांबोळीनं तो या चार दिवसांत पहिल्यांदाच ऐकला.

सावरदांडाच्या पठारावर शाळेच्या स्काउट-गाईड पथकाचा रेडिओ मेळावा भरला होता. आजचा शेवटचा दिवस चोरशोधाचा. खालच्या रानात कुठेतरी एक छोटा प्रक्षेपक लपवलेला असतो. त्याला मुलं चोर म्हणतात. दिशादर्शक अँटेना फिरवायची, ज्या बाजूला आवाज मोठा येईल तिकडे चालायचं आणि चोर पकडायचा. पाच तुकड्या सकाळी नऊला निघाल्या होत्या. मोबाइल शाळेतच ठेवायचे हा पथकाचा जुना नियम. इथल्या घळी इतक्या अरुंद की आत उतरल्यावर आभाळाची पट्टीच तेवढी दिसते आणि उपग्रहाशी जोडणारी यंत्रंही मुकी होतात. तेव्हा तुकडीचा हातसंच हाच काय तो आधार. दर अर्ध्या तासानं ठरलेल्या नमुन्यात संदेश द्यायचा, आणि अडचण आली तर कळवून जागच्या जागी थांबायचं. कुणीही एकट्यानं तुकडी सोडायची नाही. या नियमांवर बाईंनी बावीस वर्षं पथक चालवलं होतं आणि एकही मूल हरवलं नव्हतं.

"घळीतून एवढा स्वच्छ आवाज मी कधी ऐकला नव्हता," बाई म्हणाल्या. "आमच्या जुन्या संचावर निम्मी खरखरच असायची."

इर्शाद खूश झाला. संच त्याच्या कंपनीचे होते आणि चाचणीसाठी तो स्वतः आला होता. "खरखर आजही तेवढीच आहे, मॅडम. डोंगर काही बदललेला नाही. प्रत्येक संचातला हा शब्दपूरक तुम्हाला ती ऐकू देत नाही, इतकंच."

"म्हणजे करतो काय?"

"आपण फोनवर बोलताना मधलाच एखादा शब्द तुटला, तर आपलं आपण समजून घेतो ना? पूरक तेच करतो. पहिले तीन दिवस त्यानं प्रत्येकाचं बोलणं ऐकलं. कोण कसं बोलतं, कशानंतर काय म्हणतं, ते शिकला. आता वाटेत जे अक्षर गळेल, ते तो त्याच माणसाच्या आवाजात भरून काढतो."

"आणि सगळंच गळलं तर?"

"मग गप्प बसतो. त्याला खात्री असल्याशिवाय तो काही भरत नाही."

उत्तर बाईंना पटलं. खात्री नसताना न बोलणारं यंत्र त्यांना माणसांपेक्षा बरं वाटलं.

बारा वाजता पाचव्या तुकडीचा संदेश आला : खिंडीत पोचलो, माणसं चार, तब्येत ठीक. सव्वाबाराला जुई आणि तिची तिसरी तुकडी पकडलेला चोर नाचवत पठारावर आली.

"पाचवी तुकडी मागे आहे ना गं?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही बाई. आम्हाला दिसली नाही."

"खिंडीत दिसली असेल. तुम्ही खिंडीतूनच आलात ना?"

"हो, तिथेच तर डबे खाल्ले. साडेअकरापासून बारा वाजेपर्यंत बसलो होतो. कुणीच नव्हतं."

बाईंनी तक्ता पाहिला, मग इर्शादकडे पाहिलं. इर्शादनं संचाचं मागचं झाकण उघडून त्याला आपला पडदा जोडला. प्रत्येक संदेशातलं खरोखर किती पोचलं आणि पूरकानं किती भरलं, याची नोंद आत होत असते. ती तो मोठ्यानं वाचू लागला.

"साडेनऊ, शंभरातले एक्क्याऐंशी भाग पोचले. दहा, चौसष्ट. तेव्हा त्या ओढ्यावरच्या साकवावर होत्या. साडेदहा..." तो अडखळला. "सात. अकराला पाच. साडेअकराला चार. आणि बाराच्या संदेशातले शंभरातले तीन."

"बाकीचे सत्त्याण्णव कुणाचे?"

"पूरकाचे."

"तुम्ही म्हणालात, खात्री असल्याशिवाय तो बोलत नाही."

"त्याची खात्रीच होती, मॅडम. तीच तर गोची झाली." इर्शाद हळूहळू बोलत होता, कारण त्यालाही ते आत्ताच उमगत होतं. "गप्पा मारणारा माणूस पुढे काय बोलेल ते सांगता येत नाही, तिथे पूरकाला निम्मं तरी ऐकू यावं लागतं. पण तुमच्या पथकात सगळे एकाच नमुन्यात बोलतात. तीच वाक्यं, तोच क्रम, तीच वेळ. इतकं शिस्तीचं बोलणं आमच्या प्रयोगशाळेत कुणी बोललंच नव्हतं. पहिलं अक्षर आलं की पुढचं सगळं त्याला पाठ. सकाळच्या चालण्याच्या वेगावरून जागासुद्धा त्यानं हिशेबानं पुढे सरकवली."

बाई खुर्चीत बसल्या. बावीस वर्षांची शिस्त कामी आली होती ती अशी. चार मुली दोन तासांपूर्वी साकवावर होत्या, यापलीकडे त्यांना काहीही माहीत नव्हतं.

"आणखी एक आहे," इर्शाद म्हणाला. "बटन किती वेळ दाबलं होतं, तेही दिसतंय. साडेदहाला पावणेचार मिनिटं."

"पावणेचार मिनिटं? मी तर पाच वाक्यं ऐकली."

"नमुना संपल्यावर उरलेलं त्यानं गोंगाट म्हणून गाळलं. अकराला पन्नास सेकंद. साडेअकराला दहा. बाराला दोन."

साडेदहाला कस्तुरी पावणेचार मिनिटं काहीतरी सांगत होती आणि बाई इथे तिचं कौतुक करायच्या तयारीत होत्या. त्यांना स्वतःची शरम वाटली. त्याहून जास्त भीती वाटली ती त्या उतरत्या आकड्यांची. "कमी कमी का होतंय? बॅटरी?"

"बॅटरी भरलेली दिसतेय."

मग मुलीची ताकद संपत असणार. हे बाई मोठ्यानं बोलल्या नाहीत.

साकवाच्या पुढे रान तीन घळींत फुटतं आणि एकेक घळ धुंडाळायला दोन तास. ऑक्टोबरचं ऊन कातळावर तापत होतं आणि मुलींकडे माणशी एकच बाटली. बाईंनी खालच्या वाडीवर निरोप धाडून चार माणसं आणि डोली बोलावली. मग जुईला जवळ घेतलं.

"आणखी एक चोर शोधायचा आहे. जमेल?"

जुई हुशार होती. "कस्तुरीचा संच," ती म्हणाली. "बोललेलं नाही कळलं तरी चालेल. बटन दाबलं की दिशा मिळते. आम्ही खिंडीतून बघतो, तुम्ही इथून बघा. दोन रेघा जिथे मिळतील तिथे त्या."

"पूरक बंद करा," बाई इर्शादला म्हणाल्या. "मला खरखर ऐकायची आहे."

साडेबाराला खरखरीत एक बारीकसा खड्डा पडला आणि बुजला. दोन सेकंद. अँटेना धड वळलीही नव्हती. दिशा नक्की करायला निदान वीस सेकंद लागतात. एरवी ही पोरगी वीस सेकंदांत श्वाससुद्धा घेत नसे.

बाईंनी माइक ओढला. "कस्तुरी, बोलत राहा. बटन सोडू नकोस. काहीही बोल, पण बोलत राहा." दर पाच मिनिटांनी त्या तेच सांगत राहिल्या. मध्येच त्यांनी शिट्टीनं मॉर्सचे ठिपके आणि रेघाही पाठवून पाहिल्या, पण नव्या संचांना शिट्टी म्हणजे गोंगाटच, ते ती गाळूनच टाकतात.

एक वाजता पुन्हा दोनच सेकंद. दीड वाजता दीड सेकंद. इर्शादनं तिन्ही वेळा अँटेना वेगवेगळ्या बाजूला धरली होती, जुईनंही खिंडीत एकच्या आणि दीडच्या खेपेला तेच केलं होतं. एका दमात व्हायचं काम तुकड्यातुकड्यांनी झालं. जुईचे आकडे आल्यावर बाईंनी नकाशावर दोन रेघा ओढल्या. त्या तिसऱ्या घळीत, खिंडीपासून पाऊण तासावर, एकमेकींना छेदत होत्या.

अडीचच्या सुमारास डोलीसकट सगळे तिथे पोचले. मुली एका कपारीच्या सावलीत होत्या. अनघाचा पाय नडगीत मोडला होता. दोन काठ्या आणि चार स्कार्फ लावून तो इतका व्यवस्थित बांधला होता की वाडीतल्या माणसांना त्यात काही बदलावं लागलं नाही. पाणी बारालाच संपलं होतं. अनघाला ग्लानी होती, पण हाक मारल्यावर तिनं डोळे उघडले. त्यांनी मुलींना एकेक करून कवेत घेतलं.

"पाय कधी मोडला?"

"दहा वाजून पंचवीसला," दुसरी मुलगी म्हणाली. "लगेच कळवलं, बाई. संदेश मिळाला असं तुम्ही म्हणालात, म्हणून थांबलो. नियमाप्रमाणे."

कस्तुरी बाजूला बसली होती. तिनं बाईंना मिठी मारू दिली, पण ती काही बोलली नाही. बाईंना तिची ताकद संपलेली वगैरे अजिबात वाटली नाही. ती सगळ्यांत धडधाकट होती.

इर्शादनं तिचा संच घेतला आणि पडदा जोडला. थोड्या वेळानं त्यानं बाईंना हातानंच जवळ बोलावलं. नोंदी दोन रकान्यांत होत्या : पठारावरून काय पाठवलं गेलं आणि इथे काय ऐकू आलं. बाईंनी उभ्याउभ्याच वाचलं.

साडेदहाला पाठवलं होतं : संदेश मिळाला. ऐकू आलं : संदेश मिळाला. लांबण नको.

अकराला पाठवलं होतं : शाब्बास, कस्तुरी, आज अगदी मोजकं बोलते आहेस. ऐकू आलं : कस्तुरी, किती बोलतेस? मुद्द्याचं सांग.

साडेबारापासून पुढे एकच वाक्य पुन्हा पुन्हा पाठवलेलं होतं : बोलत राहा, बटन सोडू नकोस. समोरच्या रकान्यातही एकच वाक्य पुन्हा पुन्हा होतं : पुरे, बटन सोड.

आवाज अर्थात बाईंचाच.

"तुमचं इथे शंभरातले चार-पाच भागच पोचत होते," इर्शाद हलक्या आवाजात म्हणाला. "म्हणजे नाव आणि एखादं अक्षर. उरलेलं पूरकानं भरलं. मॅडम, दोष सर्वस्वी आमचा आहे, मी तसं लिहून देतो. तिला सांगा, तो आवाज तुमचा नव्हता."

"तीन दिवसांत माझी किती वाक्यं ऐकली होती यानं?"

"अकरा हजारांच्या आसपास."

"त्यात मी कुणाला बोलत राहा म्हटलेलं आहे का, ते बघा."

इर्शादनं शोधलं. एकदा शोधून झाल्यावर पुन्हा शब्द बदलून शोधलं. मग त्यानं पडदा मिटला. "नाही."

"तिला पुरे म्हटलेलं?"

त्यानं मिटलेला पडदा पिशवीत ठेवून दिला.

डोली पुढे निघाली. बाई सर्वांत मागे कस्तुरीच्या शेजारून चालू लागल्या. बरंच चालून झाल्यावर कस्तुरीनंच खाली बघत विचारलं, "बाई, तुम्ही अजून रागावलेल्या आहात का? मी पहिल्या वेळी फारच लांबवलं. नंतर मी थोडक्यातच सांगितलं. शेवटी तर नुसतं 'मदत' एवढंच म्हणत होते."

पुढे चाललेला इर्शाद थबकला. ती वाक्यं माझी नव्हती, एवढंच बाईंनी सांगायचं होतं आणि ते खरंही होतं.

"मीच रागावले होते," बाई म्हणाल्या. "ते सगळं मीच बोलले. माझं चुकलं, कस्तुरी. फार चुकलं."

कस्तुरीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा वाकडातिकडा झाला आणि ती मोठ्यानं रडली, अगदी मनसोक्त. बाईंनी तिचा हात धरून ठेवला, तिला आवरायला सांगितलं नाही.

"आता मला सांग काय काय झालं ते," त्या म्हणाल्या. "सुरुवातीपासून."

कस्तुरीनं बाहीला नाक पुसलं आणि सकाळी बुटाची नाडी तुटली तिथपासून सांगायला घेतलं. खिंड आली तरी तिच्या हकिकतीत अजून दहाच वाजले होते.