पाहुण्याची नळी

"बाई, सत्तर," हवावाला म्हणाला आणि फळ्यावर खडूनं आकडा लिहिला. "गेल्या शनिवारीही सत्तर. खाली जाऊन गाणी म्हणता काय?"

"गळत असेल सिलिंडर."

"माझं तोंड गळतं. सिलिंडर गळत नाही."

हवावाला म्हणजे डायव्हिंगच्या शाळेत सिलिंडर भरणारा मिस्त्री. शाळा होती एका जुन्या दगडाच्या खाणीत. खोदकाम थांबल्यावर झऱ्यांनी ती काठोकाठ भरली होती. पाणी हिरवट पण नितळ, कडेला एक गंजलेली यारी, आणि दहा मीटर खाली साखळ्यांनी बांधलेला लोखंडी ओटा. विद्यार्थ्यांना त्या ओट्यावर रांगेत गुडघे टेकवून बसवत आणि शिकवत. प्रत्येकाच्या सिलिंडरचा दाब फळ्यावर लिहिण्याची तिथली पद्धत होती. उतरण्याआधीचा डावीकडे, वर आल्यावरचा उजवीकडे.

बाई तिथं पंचवीस वर्षं शिकवत होत्या. त्याआधी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या, म्हणून इथंही सगळ्यांच्या 'बाई'च राहिल्या. त्यांचा श्वास घड्याळासारखा होता. चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर; मिनिटाला बरोबर सहा. विद्यार्थ्यांकडूनही त्या हेच घोटून घेत. दोनशेच्या दाबावर उतरायच्या आणि अर्ध्या तासानं एकशेतीसवर वर यायच्या. सत्तर बाकी घेऊन वर येतात ते घाबरलेले नवशिके.

शाळेच्या मालकाला सगळे कप्तान म्हणत. त्याच्याकडे साधी होडीसुद्धा नव्हती. त्यानं फळा पाहिला आणि टोपी मागे सरकवली.

"बाई, महिनाअखेर तुमचा परवाना नव्यानं करायचाय. डॉक्टर हे आकडे बघतात. असेच राहिले तर तुम्हाला ऑफिसात टेबलाशी बसवावं लागेल. खुर्ची मऊ आहे."

"मऊ असते म्हणूनच माणूस तीत रुततो," बाई म्हणाल्या.

त्या हसल्या खऱ्या, पण जाता जाता फळ्यावरचा आकडा पुन्हा पाहिला. छप्पन्न वर्षांच्या बाईचं पाण्यात उतरणं एकदा सुटलं की सुटलंच. शिवाय भाचीचा शेवटचा धडा राहिला होता. बहिणीनं परवानगी दिली होती ती एका अटीवर: "तू स्वतः तिला घेऊन उतरणार असशील तर. त्या कप्तानाच्या भरवशावर मी मांजरही सोडणार नाही."

बाईंनी रीतसर तपास केला. जोडांवर साबणाचं पाणी लावलं; बुडबुडा नाही. डॉक्टरांनी फुप्फुसं तपासली आणि "तिशीतली वाटतात" म्हणाले. सरावाच्या तलावात आकडा जिथल्या तिथं. फक्त खाणीतल्या ओट्यावर साठ जास्त जात होते. ना पंचावन्न, ना पासष्ट. दहा मीटरवर अर्धा तास, मिनिटाला सहा श्वास, असा हिशोब त्यांनी कागदावर मांडला. उत्तर साठ आलं. म्हणजे जास्तीची हवा अगदी त्यांच्यासारखाच श्वास घेणाऱ्या आणखी एका माणसाला पुरेल एवढी होती.

त्यांनी कागदाची घडी घातली आणि डाव्या खिशात ठेवली.

मग डायव्हिंगची वही उघडली. सगळं सुरू झालं त्या शनिवारी त्यांनी स्वतःच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'विद्यार्थी चार. नळी देण्याचा सराव, पाच वेळा.'

प्रत्येक डायव्हरच्या छातीवर एक जादा नळी लटकत असते, पिवळी. जोडीदाराची हवा संपली तर त्याच्या तोंडात द्यायची. शाळेत तिला पाहुण्याची नळी म्हणत. हवा संपलेला गळ्यावरून आडवा हात फिरवून खूण करतो. आपण नळी द्यायची, त्याचा खांद्याचा पट्टा धरायचा आणि त्याला घेऊन वर यायचं. हवा दिलेल्याला खाली सोडून कुणी येत नाही. ओट्यावरच्या सरावात मात्र काम निम्मंच होई. नळी द्या, दोन मिनिटं बरोबर श्वास घ्या, नळी परत घ्या.

त्या दिवशी कुणाच्या तरी पायांतल्या रबरी फिन्सनी ओट्यावर साचलेला गाळ उडाला होता आणि ताकासारख्या पांढुरक्या पाण्यात काही दिसत नव्हतं. तेवढ्यात समोर एक हात गळ्यावरून आडवा फिरला. 'आधी डोकी मोजा, मग नळी द्या' हा बाईंचाच नियम. पण समोर कुणी हवा मागतंय म्हटल्यावर डोकी कोण मोजत बसणार? त्यांनी नळी दिली. गार बोटांनी ती घेतली. पाण्यात सगळ्यांचीच बोटं गार असतात. दोघं मिळून चार आणि सहा मोजत राहिले. गाळ खाली बसला तेव्हा नळी परत छातीवर होती आणि चौघंही आपापल्या जागी, आपापली हवा घेत बसले होते. सराव चांगला झाला म्हणून बाईंनी अंगठा आणि बोट जुळवून 'ठीक' अशी खूणही केली होती.

वही वाचल्यानंतरच्या शनिवारी त्यांनी पिवळ्या नळीच्या तोंडावर रबरी बूच घट्ट बसवलं. वर आल्या तेव्हा काटा एकशेतीसवर होता. हवावाल्यानं आकडा मोठ्ठा काढला, भोवती फूल काढलं. मग बूच काढताना तो थांबला.

"बाई, हे कुणी चावलं?"

बुचावर दातांची ओळ होती, वर आणि खाली.

"उंदीर असेल," तोच म्हणाला.

"दहा मीटर खाली?"

"आपल्या शाळेतला असेल. शिकलेला."

बाई हसल्या, पण ती दातांची ओळ त्यांच्या डोक्यातून जाईना. भीती वाटत होती असं नाही. अपराधी वाटत होतं. कुणी हवा मागावी आणि आपण बूच लावावं, हे पंचवीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

तेव्हा त्यांनी एक सोपा मार्ग काढला. बऱ्याच ठिकाणी अडचणीसाठी पाण्यात एक भरलेला सिलिंडर टांगून ठेवतात. तसा त्यांनी ओट्याच्या साखळीला टांगला, नळीसकट. त्या शनिवारी बाई एकशेतीसवर वर आल्या. टांगलेला सिलिंडर एकशेचाळीसवर आला. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच.

"हा मात्र गळतो," हवावाला नाइलाजानं कबूल झाला. "बरोबर साठ गळतो. गुणी आहे."

कप्तान खूश होता. डॉक्टरांनी फॉर्मवर सही केली. मऊ खुर्चीवर शाळेचं मांजर झोपू लागलं.

भाचीच्या धड्याचा दिवस उजाडला तो लख्ख. भाची एकोणीस वर्षांची आणि बोलण्यात पटाईत. श्वासाच्या नळीचं तोंड, म्हणजे रेग्युलेटर, दातांत धरला की तेवढी गप्प.

"मावशी, खाली शिंक आली तर?"

"शिंकायचं."

"आणि तुझी हवा संपली तर?"

"तुला शिकवलंय ना? नळी दे, पट्टा धर, वर आण."

"तुला? तू मलाच ओढून खाली नेशील."

दोघी उतरल्या. ओट्यावर गुडघे टेकले. भाचीचा श्वास सुरुवातीला भराभर चालला होता. बाईंनी बोटं दाखवून मोजलं, तेव्हा शांत झाला. घड्याळात पाच मिनिटं झाली आणि बाई टांगलेल्या सिलिंडरचा काटा बघायला वळल्या.

मागे भाचीचे फिन्स गाळाला लागले.

पाणी पांढरं झालं. बाईंनी हात पुढे केला. हाताला फक्त साखळी लागली.

सात-आठ सेकंदांनी डोक्यावर भाची दिसली. सावकाश, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे ती वर चालली होती. एक हात वर, दुसरा हात बाजूला, काहीतरी पकडल्यासारखा आवळलेला.

बाई तिच्या मागोमाग वर आल्या.

"बरी आहेस ना?" भाचीनं मास्क कपाळावर सरकवला. "घाबरवलंस. मी नळी दिली, पट्टा धरला आणि आणलं वर. शाबास तरी म्हण."

"मी तुझ्या मागून आले."

"काय मागून? माझ्या हातात होतीस. वर आल्यावर हिसका देऊन सुटलीस, काठाकडे गेलीस."

काठावरून कप्तान टाळ्या वाजवत होता. "भाचीनं मावशीला वाचवलं," तो ओरडला. "बाई, तुमचा परवाना तिच्या नावावर करू का?"

"गाळात साखळी धरली असशील," बाई म्हणाल्या.

"साखळी श्वास घेते का? माझ्या नळीतून घेतला तिनं. चार-सहा, तुझ्यासारखा."

मग दोघींना हसू आलं, कारण भाचीच्या नाकातून पाणी येत होतं. त्या पुन्हा उतरल्या आणि पंचवीस मिनिटांचा उरलेला धडा नीट पुरा केला. छोटे मासे भाचीच्या बोटांशी खेळून गेले. टांगलेल्या सिलिंडरातून एकही बुडबुडा निघत नव्हता. बाईंनी तीनदा पाहिलं.

"टांगलेला एकशेनव्वद," हवावाला फळ्याशी म्हणाला. "दहाच गेले. बाई, गळती बंद. मी हातसुद्धा लावला नाही."

दहा म्हणजे पाच मिनिटं. हिशोब बाईंच्या डोक्यात आपोआप झाला, पण आज त्यांनी तो कागदावर मांडला नाही. कप्तानानं भाचीच्या हातात प्रमाणपत्र ठेवलं, बाईंच्या हातात नवा परवाना ठेवला, आणि दोघींचा फोटो काढताना दोन्ही वेळा स्वतःचं बोट मध्ये आणलं.

परतताना गार वारा सुटला, म्हणून त्यांनी गाडीच्या काचा वर केल्या. भाची शेजारच्या सीटवर होती. घरी आईला काय सांगायचं आणि काय नाही याची यादी करता करता तिचा डोळा लागला. तोंड उघडं ठेवून ती घोरू लागली. मागच्या सीटवर एका बाजूला ओले टॉवेल आणि पिशव्या होत्या. दुसरी बाजू रिकामी होती.

पुलाच्या दुरुस्तीसाठी गाड्या थांबवल्या होत्या. बाईंनी इंजिन बंद केलं. बहिणीला फोन करावा का, रात्री काय रांधावं, असले बरे बरे विचार मनात होते. त्यांनी सहज आरशात पाहिलं.

रिकाम्या बाजूच्या काचेवर वाफेचा एक गोल होता. बशीएवढा.

तो आक्रसत गेला. बाईंनी सवयीनं मोजलं. चार.

मग पसरत गेला. सहा.

पुन्हा चार. पुन्हा सहा.

श्वास कधीही रोखायचा नाही, हा नियम बाई प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगत. या क्षणी त्यांनी स्वतः तो रोखून धरला होता.

शेजारी भाची घोरत होती, भराभर, अनियमित. आणि त्या घोरण्याच्या मधल्या फटींतून मागचा दुसरा श्वास ऐकू येत होता. शिकवल्याप्रमाणे, न चुकता, मिनिटाला सहा.