पान उलटायला जागा नाही

हेस्टर वीस वर्षं व्हायोला वाजवत होती. व्हायोलिनची ती जरा जाड आवाजाची थोरली बहीण. पण नेमक्या वेळी पान उलटणारा पुरुष तिला पहिल्यांदा भेटला तो ऑक्टोबरातल्या एका दुपारी, वेनबरी गावच्या चर्चमध्ये. ती एकटीच सराव करत होती. दार उघडलं, ओल्या वाऱ्याचा झोत आत आला आणि स्टँडवरची स्वरलिपीची पानं उडाली. चिखलाच्या बुटांनिशी एक माणूस धावत आला, त्याने पानं गोळा केली आणि तिच्या शेजारीच उभा राहिला.

“थांबू नका. वाजवा. मी उलटतो.”

“तुम्हाला वाचता येतं हे?”

“थोडंफार. पोटापाण्यासाठी लिहितो मी.”

“संगीत? म्हणजे उपाशीच असाल.”

तो हसला... आणि तिथेच बाईसाहेबांची विकेट पडली. नाव नंतर कळलं. अ‍ॅम्ब्रोज लीथ. लंडनच्या मोठ्या सभागृहांत ज्याच्या रचना वाजत, तो. आणि ही शाळेतल्या पोरांना गज धरायला शिकवणारी!

त्याला नुसत्या व्हायोलासाठी एक रचना लिहायची होती, साथीला कुणी नाही. त्या हिवाळ्यात दर गुरुवारी तो हेस्टरच्या स्वयंपाकघरात येऊन बसे. तिने वाजवायचं, त्याने लिहायचं, पानं त्यानेच उलटायची. खिडकीवर पाऊस वाजे, चहा गार होई.

“करंगळी एवढी ताणता येते?”

“मला येते. सगळ्यांना नाही जमत.”

“मग सगळ्यांसाठी कशाला लिहू?”

असं म्हणून तो ती करंगळी धरून बघे — जरुरीपेक्षा अंमळ जास्तच वेळ. एकदा तिने त्याला सांगितलं, आई शेवटच्या आठवड्यात बोलायची बंद झाली, नुसती गुणगुणायची. तिने ते गुणगुणून दाखवलं. पुढच्या गुरुवारी ते कागदावर होतं. आपलं बोलणं इतकं मन लावून कुणी कधी ऐकलं नव्हतं, असं हेस्टरला वाटलं.

“जूनच्या महोत्सवात पहिल्यांदा वाजेल,” तो म्हणाला. “तूच वाजवायचंस.”

प्रेमाचा शब्द त्याने काढला नव्हता. इंग्रज माणूस, हवापाण्यापलीकडे जायला वेळ लागतोच, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

मे महिन्यात बेकरीच्या दारावर महोत्सवाचं पत्रक लागलं. अ‍ॅम्ब्रोज लीथची नवी रचना, वादक जॉर्जिना क्रॉस. महोत्सववाल्यांना मोठं नाव हवं होतं आणि अ‍ॅम्ब्रोजला नाही म्हणता आलं नव्हतं. हेस्टरला तेही सांगता आलं नव्हतं. तीन गुरुवार तो फिरकला नाही. कार्यक्रमाला चार दिवस राहिले तेव्हा आला.

“एक अडचण झालीय. जॉर्जिना म्हणते, पान उलटायला जागाच नाही. एक हात मोकळा होईल एवढी उसंत कुठे ठेवलेलीच नाही.”

खरंच नव्हती. लिहिताना पान उलटणारा शेजारी बसलेला, मग उसंत ठेवायचं सुचणार कुणाला? एवढा मुरलेला माणूस आणि चूक पहिल्या वर्षाच्या पोराची.

“टॅब्लेट लावून घे म्हणावं.”

“एकदा ऐन कार्यक्रमात बंद पडला, तेव्हापासून ती शिवत नाही.”

“मग चार स्टँड मांड ओळीने.”

“‘म्हणजे मी कुंपणामागून वाजवू का?’ म्हणाली.” तो घुटमळला. “हेस्टर... तुला सगळं पाठ आहे. शनिवारी बसशील तिच्या शेजारी?”

“तू बस की. सवय आहे तुला.”

“मला प्रेक्षकांत बसावं लागतं ना. शेवटी वर बोलावतात.”

ती उठायला लागली. तेव्हा त्याने तिचा हात हातात घेतला. “माझं प्रेम आहे तुझ्यावर. ठाऊक आहे ना?”

आठ महिने जिवाचा कान करून वाट बघितलेलं वाक्य. आलं, तेही कामाला जुंपून आलं.

“जॉर्जिनाला पान उलटता आलं असतं,” हेस्टरने विचारलं, “तर आज आला असतास?”

त्याने तिचा हात सोडला. खोटं बोलणं त्याला जमलं नाही. तेवढा तो भला होता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

“बसेन मी. आईचं गुणगुणणं आहे त्यात, ते पानापाशी अडखळू देणार नाही. पण गुरुवारी येऊ नकोस. कुठल्याच.”

शनिवारी जॉर्जिनाने सुरेख वाजवलं. ती बिघडवेल अशी हेस्टरला आशा होती, का खोटं बोला? पण आईचे सूर आले तेव्हा पुढच्या रांगेत रुमाल निघाले, आणि हेस्टरला डोळे कोरडे ठेवणं भाग होतं. पुढचं पान उलटायचं होतं.

टाळ्या सुरू झाल्या. अ‍ॅम्ब्रोज वर आला, जॉर्जिनाच्या गालाला गाल लावला, वाकला. पान उलटणाऱ्याने अशा वेळी बसून राहायचं असतं. पण त्याने वळून हेस्टरकडे हात केला, ऊठ म्हणून. डोळे ओले होते त्याचे.

तिला उठायचं होतंच, पण व्हायोला हातात घेऊन. ती बसून राहिली. हात मांडीवर घट्ट धरून जमिनीकडे बघत राहिली.

“किती लाजतेय बिचारी,” पहिल्या रांगेतली एक बाई कौतुकाने शेजारणीला म्हणाली, आणि दोघींनी तिच्यासाठी आणखी जोराने टाळ्या वाजवल्या.