शून्याच्या खालचं पाणी

रेडीची माती लोखंडाने लाल आणि विहिरींचं पाणीही तसंच. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी रोज पाणी तपासते, म्हणून स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी माझी मैत्रीण शॅनन घरच्या विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन माझ्याकडेच आली.

आमच्यात लग्नाआधी नवरीला नारळाचा रस, म्हणजे रोस, चोळतात. तो रोस घरच्या विहिरीच्या पाण्याने धुतात. शॅननची आई सहा वर्षांपूर्वी गेली. ती विहीर तिनेच खणून घेतली होती.

"माका आयच्याच बावडीचा पाणी व्हया," शॅनन म्हणाली.

"आणि गाऊन पिवळो झालो तर? पाव्हणे पितले काय?" तिच्यासोबत आलेले तिचे रोझारियोकाका करवादले. "टँकर सांगितलंय मी."

मी म्हटलं, भांडू नका, यंत्र सांगेल. पाण्यात औषध टाकलं की लोखंड असेल तेवढा लाल रंग चढतो. रंग जितका गडद, तितका कलरीमीटरमध्ये नमुन्यातून उजेड कमी येतो आणि आकडा मोठा होतो. आधी शुद्ध पाण्यावर शून्य लावायचं, मग नमुना ठेवायचा.

नमुन्याला रंग चढलाच नाही. आकडा आला उणे ०.०८.

म्हणजे शुद्ध पाण्यापेक्षा जास्त उजेड. अहो, हे कसं शक्य आहे? चूक माझीच, शुद्ध पाण्याच्या काचनळीला बोट लागलं असेल. पुसली. नवं शुद्ध पाणी घेतलं. उणे ०.१९.

शेवटी मी यंत्रातला दिवाच काढला.

आकडा उणेच राहिला. नमुन्यातून उजेड येतच होता.

बाहेर दोघं ताटकळली होती. त्यांनी लोखंडाचं विचारलं होतं. मी तेवढंच सांगितलं.

"लोखंड नाय गो. निवांत न्हा जा!"

शॅननने मला उचलून गरकन फिरवलं. काकांचे डोळे भरून आले. टँकर रद्द झाला. संध्याकाळी काय धमाल! गाणी, ढोल, रसाने माखलेली शॅनन, आणि डोक्यावर घागरीमागून घागर. मी खूप हसले. तहान लागली तेव्हा त्याच पाण्याचे दोन पेले प्याले.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. भर दुपारी चर्चच्या पांढऱ्या भिंतीपाशी फोटो. शॅननने बाही नसलेला हात उंच केला, हातात फुलांचा गुच्छ.

भिंतीवर गुच्छाची सावली वर चढली.

एकटीच, हाताच्या सावलीविना.

शॅनन खळखळून हसत होती. इतकी सुखी मी तिला कधी पाहिली नव्हती.

बाजूच्या मांडवात रोझारियोकाका पाहुण्यांना पाण्याचे पेले वाटत होते. "प्या रे, प्या, आमच्या बावडीचा आसा!"

मी मांडवाखालीच उभी राहिले. उन्हात स्वतःचा हात पुढे करून बघायचं धाडस झालं नाही.