बुजवलेला सूर

बायकोच्या चपलेचा पट्टा तुटला, म्हणून दोघं त्या गल्लीत वळले. परक्या देशात चप्पल शिवणारा शोधायचा म्हणजे दिव्यच! तो काही सापडला नाही, पण कोपऱ्यावर काही म्हातारे वाद्यं वाजवत बसले होते. भाषेचा गंध नाही, तरी कुणी खुर्ची दिली, कुणी कॉफी आणली, एका बाईने तर स्वतःच्या सपाता हिच्या पायांत घातल्या. बायको खूश. नाहीतरी कुणी दोन गोड शब्द बोललं की ती विरघळायचीच.

नवऱ्याचा जन्म बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्यात गेलेला. त्याचं सगळं लक्ष एका म्हाताऱ्याच्या अकॉर्डियनकडे. मधली एक पट्टी म्हातारा दर वेळी चुकवून पुढे जायचा. घासात खडा यावा तसं ते नवऱ्याला लागत होतं.

वाजवणारे कॉफीला उठले. जाताना म्हाताऱ्याने हसून वाद्य नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. केवढा तो विश्वास!

"अहो, लोकांच्या वस्तूला हात लावू नका हं."

"अगं, रीड बुजलीय नुसती. त्यांनी आपलं एवढं केलं, आपण एवढंही करू नये?"

खिशातल्या चाकूने त्याने वाद्य उघडलं. आत कचरा नव्हताच. रीडवर, सुराच्या त्या धातूच्या जिभेवर, मेण होतं, नीट दाबून बसवलेलं, वर अंगठ्याचा ठसा. कुणीतरी हे मुद्दाम केलंय, हे त्याच्या हातांना कळलं होतं. तरी हात थांबले नाहीत. मेण खरवडून त्याने भाता ओढला आणि पट्टी दाबली.

सूर निघालाच नाही. आत कुणीतरी खोल श्वास घेतला... बंद कपाट उघडल्यासारखा वास आला. समोरच्या खिडक्या धडाधड लागल्या.

"अहो, मला जरा..." बायकोचा श्वास अर्ध्यावर अडकला.

घाबरून त्याने भाता मिटला, तेव्हा तिचा श्वास सुटला. भाता ओढला, तिची छाती भरली. पट्टीवरचं बोट उचलून पाहिलं, तर ओठ निळे पडायला लागले. बोट पुन्हा पट्टीवर दाबून तो भाता ओढत-मिटत राहिला.

"अहो, कुणीतरी या!" तो ओरडला.

म्हातारा धावत आला. खाली पडलेलं मेण त्याने पाहिलं. वाद्याला तो शिवलासुद्धा नाही. बायकोसमोर गुडघे टेकून त्याने कुणा बाईला हाक मारावी तशी हाक मारली. ते बायकोचं नाव नव्हतं.

तिने ओ दिली. मग ती त्यांच्या भाषेत बोलू लागली, वर्षानुवर्षांचं साचलेलं बोलावं तशी, भरभरून. म्हातारा रडत होता. भीतीने मागे सरत होता आणि तिचा हातही सोडत नव्हता.

नवऱ्याचे खांदे भरून आले.

"अगं, मी आहे... इकडे बघ ना..."

तिने बघितलं. रस्त्यावर वाजवणाऱ्या अनोळखी माणसाकडे बघावं, तसं. मग म्हाताऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून तिने हातानेच खूण केली, थांबू नका.