पांढरी कडा

प्रयोगशाळेत तिने पाकीट उघडलं आणि चिमटा हवेतच थांबला. सिगारेटची थोटकं गोल होती. एकही चावलेलं नाही.

पाकिटावरचा क्रमांक तिच्या दिराचा. सिगारेट कंपनीच्या या चाचणीत त्याला तिनेच घातलं होतं. 'सौम्य' सिगारेट ओढायची आणि थोटकं जपून आणून द्यायची. फिल्टरमध्ये अडकलेल्या विषारी द्रव्यांवरून प्रयोगशाळा ठरवायची, तोंडात धूर किती गेला. पहिल्या फेरीचा निकाल आला, साध्या सिगारेटच्या निम्माच धूर. तेव्हापासून दीर गॅलरीतून उठून पाळण्याशेजारच्या खुर्चीत ओढू लागला होता. आणि बाळाचा खोकला काही हटत नव्हता.

पण दीर फिल्टर चावून चावून चपटा करायचा. बाळ तोंडात घालेल म्हणून ती चपटी थोटकं रोज तीच तर वेचायची.

तिने फोन लावला.

"भाऊजी, थोटकं तुमचीच दिलीत ना?"

"नाही, उसनी आणली. वहिनी, आता घरातल्यांवरही संशय?"

"चावलेली होती?"

"ती सवय कुठे जातेय."

म्हणजे अदलाबदल इथेच झाली होती. पाकिटं जमा करणाऱ्या खिडकीवरच्या कारकुनाने हात झटकले. "मॅडम, वासानेच जीव जातो माझा, उघडून बघतोय कोण? आलेली पाकिटं तशीच यंत्राच्या खोलीत देतो. कपाटाची किल्ली ताईंकडे."

ताई. तिला हे काम हाताला धरून शिकवणाऱ्या, तिच्या बाळंतपणात तिचाही भार ओढणाऱ्या.

खोलीत तुलनेसाठी ठेवलेलं यंत्र रांगेतल्या सिगारेटींचे झुरके घेत होतं. थोटकांचा ट्रे मात्र रिकामा होता.

"ताई, यंत्राची थोटकं कुठे जातात?"

"कुठे जाणार? कचऱ्यात."

तिने डबा कलंडला. वर कागदाचे बोळे, खाली थोटकं. चपटी, चुरगळलेली. काहींवर लाल ठसे.

"यंत्र लिपस्टिक कधीपासून लावायला लागलं, ताई?"

ताईंनी यंत्र बंद केलं.

"यंत्र सिगारेट टोकाशी धरतं," ती म्हणाली. "फिल्टरवरची बारीक छिद्रं उघडी राहतात, हवा मिसळते, धूर पातळ होतो. म्हणून थोटूक मधोमध तपकिरी आणि भोवती पांढरी कडा. माणूस तीच छिद्रं ओठांनी, बोटांनी दाबून टाकतो. मग फिल्टर पार कडेपर्यंत काळवंडतो. आत्ता इथे येण्याआधी सगळी पाकिटं उघडून पाहिली मी. प्रत्येक थोटकाला पांढरी कडा. लोकांची थोटकं या डब्यात आणि यंत्राची त्यांच्या पाकिटात. किल्ली तुमच्या एकटीकडे. का केलंत?"

"निकाल वाईट आला की कंपनी हात आखडणार, इथे कुलूप लागणार," ताई खाली बघत म्हणाल्या. "माझं सरलंय गं. तुझ्या पदरात पोर आहे, म्हणून..."

"त्याच पोराच्या छातीत जातोय हा धूर."

डबा उचलून ती साहेबांच्या खोलीकडे गेली.

घरी दीर पाळण्याशेजारीच बसला होता, बोटांत पेटलेली सिगारेट. तिने खालचं एक चपटं थोटूक उचललं, ब्लेडने आडवं कापलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. पांढरं कुठेच नव्हतं.

"हलकी नाही ही, भाऊजी. आमच्याकडे खोटं मोजलं गेलं."

त्याने सिगारेट विझवली. पाळण्यात खोकल्याची उबळ आली, बराच वेळ थांबली नाही.

"मग वहिनी, इतके दिवस याच्या छातीत किती गेला असेल?"

"ते कुणी मोजलंच नाही," ती म्हणाली आणि बाळाला उचलून खिडकीशी गेली.